दारातला ट्रॅक्टर आणि सातबाऱ्यावरचा बोजा

हरभरा ३५ दिवसांचा झाला, शेंडे खुडून काल पाणी दिलं. पण आज पिकाचं नाही, दुसरंच लिहितो.

गेल्या महिन्यात मुलाच्या सोयरिकीला पाहुणे आले. विहिरीला पाणी किती, डोक्यावर कर्ज किती, काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "ट्रॅक्टर कोणता?" म्हटलं, भाड्याने करून घेतो. चहा पिऊन गेले ते गेलेच, परत फोन नाही.

आता हिशेब बघा. माझं रान पाच एकर. नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, दोन्ही हंगाम धरून गेल्या वर्षी भाडं गेलं ३८ हजार. सात लाखांचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला असता, तर ११ टक्के व्याजाने पाच वर्षं, वर्षाला १ लाख ८९ हजारांच्या आसपास हप्ता. डिझेल, विमा, दुरुस्ती वेगळी. ज्याला बाहेरची कामं भरपूर आहेत त्याचं गणित बसतं, त्याने जरूर घ्यावा. पण घरटी ट्रॅक्टर झाल्यावर भाड्याने सांगणार कोण?

तरी घेतात. शोरूममध्ये हार घालतात, पुठ्ठ्याची मोठी चावी हातात देऊन फोटो काढतात. नाव ट्रॅक्टरचं, विकतात मान. सोयाबीन हमीभावाच्या खाली जातं, तेव्हा कुणाकडे पैसा नसतो. हप्त्याने वस्तू द्यायला मात्र सगळे दारात उभे. मालाला भाव देऊन आपल्याला वर येऊ द्यायचं नाही, कर्ज देऊन वर आल्यासारखं दाखवायचं, असा हा धंदा आहे. आणि शहरातले म्हणायला मोकळे, "शेतकऱ्याला काय कमी? दारात ट्रॅक्टर आहे की!"

कुणी म्हणेल, गरिबाने मिरवूच नये का? मिरवा की! पण मिरवणूक दोन दिवसांची आणि व्याज पाच वर्षांचं. ते व्याज आपण भरतो, त्यावर पैसेवाला अजून मोठा होतो. आपण आहे तिथंच.

माझ्या सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात एका रुपयाचा बोजा नाही. मातीचा सेंद्रिय कर्ब सात वर्षांत ०.३८ वरून ०.५२ टक्क्यांवर आलाय. पाहुण्यांनी विचारलं असतं तर दोन्ही कागद दाखवले असते.

मुलींच्या बापांनो, दारात काय उभं आहे ते नंतर बघा. आधी उतारा मागा.