अर्थशास्त्र शिकून पोरगा काय करणार?

जुन्नर-आंबेगांवच्या शेतकरी बंधुभगिनींनो, दहावीचा निकाल लागला कीं आपल्या घराघरांत एक वाटणी होते. ज्याला गुण बरे त्यानें सायन्स धरावें, मागें राहिला त्याला आर्ट्‌सला घालावें. पुढें बी. ए. ला अर्थशास्त्र मिळालें तर अर्थशास्त्र, नाहीं तर दुसरें कांहीं. पदवी हातीं येते आणि पोरगा पोलीसभरतीसाठीं मैदानावर धांवूं लागतो. मग बाप विचारतो, "हें शिकून काय मिळालें?" त्याचा प्रश्न खोटा कसा म्हणावा?

पण जें शास्त्र आपण उरलेल्या पोराच्या पदरांत टाकतों, त्याच शास्त्राच्या भाषेंत आपल्या मालाचा निकाल लागतो. ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविलें, डिसेंबरांत निर्यातच बंद केली, आणि ती बंदी मे २०२४ मध्यें उठविली. मंचर, ओतूर, आळेफाट्याच्या बाजारांत शेतकऱ्यानें काय सोसलें तें सांगावयास नको. शहरच्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त पाहिजे, हें दिल्लींत कोणीतरी आंकड्यांनिशीं मांडतो. बियाणें, मजुरी, चाळींत सडलेला माल यांचे आंकडे तितक्याच ठामपणें मांडणारा आपला माणूस तेथें किती वेळां असतो? तो असता तर बंदी टळलीच असती असें आम्ही म्हणत नाहीं. पण आपलें म्हणणें नुसत्या मोर्च्याच्या आरोळींतून गेलें नसतें, कागदावरूनही गेलें असतें.

टोमॅटोचेंच पहा. २०२३ च्या जुलैंत नारायणगांवच्या बाजारांत भाव आभाळाला भिडला, आणि दोन महिन्यांत कोसळला. चढा भाव पाहून सर्वांनीं लावावें आणि सर्वांचा माल एकदम येऊन भाव मरावा, या फेऱ्याला अर्थशास्त्राच्या पुस्तकांत कोळ्याच्या जाळ्याचें नांव आहे. आपल्या शेताचा रोग पुस्तकांत आहे, आणि तें पुस्तक आपला पोरगा गाईडावरून पाठ करतो!

हा विषय आपल्याला परका नाहीं. जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कुणब्याच्या कर्जाचा आणि कराचा जाब विचारला. डॉ. आंबेडकर १९१३ सालीं बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले, १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून लंडनचे डी. एस्‌सी. झाले, आणि पुढें चलनासंबंधींच्या रॉयल कमिशनपुढें त्यांनीं साक्ष दिली. धनंजयराव गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक. तेच विखे पाटलांच्या प्रवरा कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. आपले विघ्नहर आणि भीमाशंकर कारखाने त्याच वाटेचे.

आतां नोकरीचें. भारतीय अर्थसेवा १९६१ पासून आहे. तिची परीक्षा यूपीएससीच घेते. तीस अर्थशास्त्रांतील पदव्युत्तर पदवी लागते. कलेक्टर होण्यासाठीं पुण्याच्या पेठांत खोल्या करून बसलेलीं आपलीं पोरें थोडीं नाहींत, पण या परीक्षेचें नांव गांवांत ऐकूं येत नाहीं. रिझर्व्ह बँकेला अर्थशास्त्रज्ञ लागतात, नाबार्डला लागतात, हमीभावाची शिफारस करणाऱ्या आयोगालाही लागतात. (त्या हमीभावाच्या यादींत कांदा नाहीं आणि टोमॅटोही नाहीं, हें जातां जातां सांगून ठेवतों.)

मग अडतें कोठें? गणिताशीं. अकरावीला आर्ट्‌सचा अर्ज भरतांना गणित सुटतें, आणि वरचा दरवाजा त्याच दिवशीं बंद होतो. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून मंचरहून साठेक किलोमीटरांवर उभी आहे, तेथल्या एम. एस्‌सी.च्या प्रवेशपरीक्षेंत गणित विचारतात. मुलींचें तर आणखी वाईट. तोडणीच्या मजुरांचा हिशेब घरांत बहुधा तीच ठेवते, आणि "तुला गणित कशाला?" असेंही तिलाच ऐकावें लागतें. पश्चिमेच्या डोंगरांत बाळहिरडा वेंचणाऱ्या महादेव कोळ्यांच्या मुलांना तर हा रस्ता आहे हेंच कोणी सांगत नाहीं.

आर्ट्‌सच्या विद्यार्थ्याला गणित घेण्यास बोर्डाची मनाई नाहीं. कॉलेजांत शिकविणारा नसेल तर संस्थाचालकांस गांठा. ते आपल्यांतलेच आहेत, मतें मागावयास दारांत येतात. तेव्हां खुर्ची द्या, चहा द्या, आणि आर्ट्‌सला गणिताचा शिक्षक कोणत्या महिन्यांत नेमणार तें लिहून घ्या.