घंटा फक्त ‘घणघण’च वाजते का?



तिसरीच्या चाचणीत आपला नेहमीचा प्रश्न होता, ध्वनिदर्शक शब्द लिहा. पानांची सळसळ, विजांचा कडकडाट आणि खाली ‘घंटेची ........’. एका मुलानं लिहिलं ‘टनटन’. उत्तरसूचीत ‘घणघण’ होतं, म्हणून मी लाल पेनानं फुली मारली आणि गुण कापला.

पेपर वाटल्यावर तो टेबलाजवळ आला. "मॅडम, आपली घंटा तं टनटनच वाजते ना."

आमच्या शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्यात तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक लोखंडी दांडा. ती खरंच टनटन वाजते. देवळातल्या मोठ्या घंटेसारखी घणघण तिला येतच नाही. मी म्हटलं, "पुस्तकात घणघण आहे ना बाळा." तो गुपचूप जागेवर गेला, ‘टनटन’ खोडून ‘घणघण’ लिहिलं आणि दुरुस्ती केली म्हणून सही घ्यायला आला. मी सहीही केली. गुण कापल्यापेक्षा त्या सहीचं मला जास्त वाईट वाटतं. कारण कानानं ऐकलेलं खोडून पुस्तकातलं लिही, हे त्या दिवशी मी त्याला शिकवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ध्वनिदर्शक शब्द राजधान्यांसारखे पाठ करायला देऊ नयेत. महाराष्ट्राची राजधानी मुंबई, याला दुसरं उत्तर नाही. पण घंटेला आहे. हे शब्द कुणीतरी आधी कानानं ऐकले, मग तोंडानं केले. मुलांनाही ते तसेच करता येतात, आणि आपल्यापेक्षा चांगले करता येतात.

त्यानंतर मी वर्गात एक प्रयोग केला. पितळी लोटा दोरीला बांधून लटकवला आणि चमच्यानं वाजवला. ‘काय ऐकू आलं?’ मुलं म्हणाली ठण्ण, टन्न, एकीनं तर ‘ठंऽऽ’ म्हणून हात लांबवून दाखवला. मग लोटा हातानं घट्ट धरून वाजवला. आता ठक, टक, खट. लोटा तोच, चमचा तोच. हात लावला की थरथर थांबते आणि आवाज तिथंच मरतो, हा विज्ञानातला मुद्दा न सांगता कळला. आणि भाषेतला मुद्दा फळ्यावर आपोआप तयार झाला होता. एका बाजूला ठण्ण, टन्न, ठं. दुसऱ्या बाजूला ठक, टक, खट. मी विचारलं, फरक काय? एका मुलीनं सांगितलं, "हे लांबवता येते, ते नाही येत."

बघा ना. खणखण, टणटण, झणझण, छनछन, किणकिण, घणघण, रुणझुण, छुमछुम. जे घुमतं, ज्याचा आवाज मागं रेंगाळतो, त्याच्या नावात ण, न, म किंवा अनुस्वार येतो. हे आवाज नाकातून निघतात आणि श्वास असेपर्यंत ओढता येतात. ट, क, प ओढता येत नाहीत. म्हणून दार खटखट वाजतं, घण मारल्यावर ऐरण ठणठण वाजते. स्वरही कामाला लागतात. बांगड्या बारीक म्हणून किणकिण, नाणी खणखण, आणि मोठी घंटा घणघण. पुस्तकातला ‘घणघण’ चुकीचा नाहीच, तो मोठ्या घंटेचा आहे.

ध्वनीच्या पाठासाठी ‘रेझोनन्स’ हा शब्द शोधत होते, तेव्हा लॅटिन भाषेपर्यंत पोचले. ‘सोनारे’ म्हणजे आवाज करणे आणि ‘रे’ म्हणजे परत, म्हणून ‘रेसोनारे’ म्हणजे परत घुमणे. हा ‘सोनुस’ आणि आपल्या संस्कृतातला ‘स्वन’ मुळात एकाच घरचे. धातू वाजण्याला लॅटिनमध्ये ‘तिन्निरे’ म्हणत. कानात सतत आवाज येतो त्या त्रासाला डॉक्टर ‘टिनिटस’ म्हणतात, तो शब्द त्यातूनच आला. छोट्या घंटेला तर ‘तिन्तिन्नाबुलुम’! रुळावर दांडा मारा आणि हे नाव म्हणा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन माणसानंही ‘तिन् तिन्’ असंच ऐकलं, त्याच्याही शब्दात न आला, आणि त्यानंही आपल्यासारखा तो दोनदा म्हटला. माझ्या विद्यार्थ्याचा टनटन त्याच्या जास्त जवळ आहे, उत्तरसूचीतला घणघण जरा लांब.

पण याच लॅटिनमध्ये मला आपल्यासारखा एक शिक्षकही भेटला. क्विंटिलियन त्याचं नाव. पहिल्या शतकात रोममध्ये वक्तृत्व शिकवायचा, सरकारी तिजोरीतून पगार घ्यायचा. मुलांना मारू नये असं त्या काळात लिहिणारा माणूस, म्हणून मला तो आवडतो. पण आवाजावरून नवे शब्द करण्याबद्दल तो म्हणतो की ग्रीकांना हा मोठा गुण वाटतो, आपल्याला मात्र त्याची फारशी मुभा नाही. जुन्या लोकांनी केले ते राहू द्यावेत, आता नको. आणि उच्चाराबद्दल त्याचं मत आणखी कडक आहे. बोलण्यात खेडवळपणा किंवा परकेपणा ऐकू येऊ नये, कारण धातू जसा वाजवून ओळखतात तसा माणूस आवाजावरून ओळखू येतो. गंमत म्हणजे हा गृहस्थ स्वतः रोमचा नव्हताच, स्पेनमधून आलेला.

हे वाचून मी गप्प झाले. कारण ‘टनटन’ला फुली मारताना उत्तरसूचीसोबत माझ्या डोक्यात आणखी एक कारण होतं. ते पेपरवर लिहिलं नाही, पण होतं. ‘न’ लिहिलाय, ‘ण’ नाही, म्हणजे शुद्धलेखनही चुकलं. आपल्या वऱ्हाडी बोलण्यात पाणी ‘पानी’ होतं, कोण ‘कोन’ होतो, डोळा ‘डोया’ होतो. पांढरकवड्याच्या बाजारात अर्धा तास उभं राहा, ण शोधावा लागेल. मग त्या मुलानं टणटण लिहावं कुठून? आणि खरं सांगू का, घुमण्याचं काम ‘न’ही तेवढंच करतो. रोमन लोकांचं ‘न’वरच भागलं.

पाण्याला ‘पाणी’ लिहायला शिकवलंच पाहिजे, त्यात वाद नाही. तो ठरलेला शब्द आहे. पण जो शब्द मूल आत्ता, या क्षणी, कानानं घडवतंय, त्याला कोणतं शुद्धलेखन लावणार?

हा मुलगा तर पोडावरून येतो, घरी कोलामी बोलतात. केळापूर तालुक्यात शिकवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या वर्गात कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोलणारी मुलं आहेत. मरे एमेनो नावाच्या अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञानं वर्ध्याकडच्या कोलामीचा अभ्यास केला. त्याचं पुस्तक 1955 साली आलं. याच एमेनोनं पुढं 1969 मध्ये भारतातल्या आवाजाच्या शब्दांवर मोठा लेख लिहिला. त्याला दिसलं की मराठी-हिंदीचं कूळ वेगळं, कोलामी-तेलुगूचं द्रविड कूळ वेगळं, पण आवाज दोनदा म्हणून शब्द करण्याची रीत दोन्हीकडं सारखी आहे आणि कितीतरी शब्दही मिळतेजुळते आहेत. म्हणजे मराठीच्या तासाला व्याकरणात, लिंगात, विभक्तीत अडखळणारं हे मूल निदान या एका धड्यात बाकीच्यांच्या बरोबरीनं उभं राहू शकतं. तिथंच मी त्याला बसवलं.

काही सहकारी म्हणतील, शिष्यवृत्तीच्या पेपरात चार पर्यायांतला एकच बरोबर असतो, मग तिथं काय करायचं? रास्त प्रश्न आहे. मी आता दोन्ही करते. आधी आवाज ऐकायचा आणि स्वतःचा शब्द करायचा. मग ‘पुस्तकातला शब्द’ म्हणून रूढ जोडी सांगायची, नाण्यांचा छनछनाट, तलवारींचा खणखणाट. मुलांना यात अडचण येत नाही, घरी ‘माय’ आणि निबंधात ‘आई’ हे त्यांना जमतंच. चाचणी माझी असेल तर घुमणारा कुठलाही शब्द मी बरोबर धरते. आणि एकदा शब्द हाताशी आला की त्याचं पुढं काय काय होतं तेही दाखवते. खणखण, खणखणणे, खणखणाट, खणखणीत. दणदण, दणदणाट, दणदणीत. झणझणचा ‘झणझणीत’ झाला आणि कानावरून जिभेवर गेला, यावर वर्ग पाच मिनिटं हसत होता. ‘ठणठणीत बरा’ आणि ‘ठणठणगोपाळ’ यांत एकच ठणठण कशी, हे मी त्यांच्यावरच सोपवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुलांना बैलाच्या आवाजांवर बोलायला सांगितलं. घुंगरमाळेला कुणी छनछन म्हटलं, कुणी खुयखुय. ‘खुळखुळ’ म्हणून दुरुस्त करायला माझी जीभ वळवळली, पण आवरली. मग टनटनवाला उठला. त्याच्या आजोबांच्या गाईच्या गळ्यात लाकडाची घंटी आहे, जंगलात गाय हरवू नये म्हणून. ती कशी वाजते विचारल्यावर त्यानं डोळे मिटले, थोडा वेळ घेतला आणि म्हणाला, "डोक-डोक. ते लाकडाचं हाय मॅडम, त्याले न नाही लागत."