डबा दाखवा!

बॉसच्या कॉफीत साखर किती, हे आपल्याला झोपेतही सांगता येतं. बाबांच्या गोळ्या? माझी तर दांडी गुल झाली होती.

बाबांना कावीळ झाली. पित्तनलिकेत खडा अडकला होता. तोंडावाटे दुर्बीण घालून, नलिकेच्या तोंडाशी छेद देऊन तो काढायचा, म्हणजे ईआरसीपी. आदल्या संध्याकाळी सिस्टर फाइल घेऊन आल्या.

‘‘गोळ्या कुठल्या चालू आहेत?’’
‘‘फक्त बीपीची,’’ मी ऐटीत.
‘‘रक्त पातळ करायची? किडनीचा त्रास? पेनकिलरची ॲलर्जी?’’
‘‘छे हो!’’
‘‘डबा दाखवा.’’

डब्यात निघाली क्लोपिडोग्रेल! हार्टच्या डॉक्टरांनी दिलेली. मी तेव्हा ‘बिझी’ होते.

सिस्टरनी न रागावता समजावलं. पित्त आतड्यात उतरलं नाही की ‘के’ व्हिटॅमिन नीट शोषलं जात नाही, रक्त उशिरा गोठतं. म्हणून आधी तपासणी, गरज पडली तर ‘के’चं इंजेक्शन. त्यात ही गोळी, म्हणजे छेदातून रक्तस्रावाची भीती. स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून गुदद्वारातून डायक्लोफेनॅक देतात; किडनी दुबळी असेल तर तेही जपून.

डॉक्टरांनी बेत बदलला. छेद टाळून तात्पुरता स्टेंट बसवला, पित्त वाहतं झालं. खडा नंतर निघाला, हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच.

आज घरी फोन कराल तेव्हा ‘जेवलात का?’च्या पुढे जा. गोळ्यांची नावं लिहून घ्या. मनाने बंद मात्र एकही करू नका. माझी यादी आता पर्समध्येच असते, लिपस्टिकच्या शेजारी.