शेताचा खरा पत्ता दोन आकड्यांत. मोबाइल नंबरसारखे ते जपून ठेवा!

गेल्या पावसाळ्यात चोपडा तालुक्यात काकांच्या शेतात निंदणी करताना एका मावशींना साप चावला. गाडी बोलावली. ड्रायव्हरने विचारलं, ‘कुठे यायचं?’ काका सांगू लागले, ‘नाल्याच्या पलीकडे, मोठ्या निंबापासून उजवीकडे.’ त्या शिवारात असे निंब दहा. गाडी भलत्याच बांधावर गेली. मावशी वाचल्या, पण वीस मिनिटं वाया गेली. काकांच्या खिशात स्मार्टफोन होता. मी इंजिनिअर असून मलाही तो काढायचं सुचलं नाही.

आकडे काय सांगतात?

अक्षांश म्हणजे विषुववृत्तापासून आपण किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत. रेखांश म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रीनिचपासून किती पूर्वेला किंवा पश्चिमेला. जळगाव साधारण २१.०१ उत्तर, ७५.५६ पूर्व, धुळे २०.९० उत्तर, ७४.७७ पूर्व. दोन्ही शहरं जवळपास एकाच आडव्या रेषेवर. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून जळगावात सूर्य माथ्यावर आल्यावर साधारण ३ मिनिटांनी तो धुळ्यात माथ्यावर येतो. घड्याळात वेळ मात्र एकच!

दशांश गाळू नका

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर दोनच आकडे सांगितले, तर चूक अर्ध्या किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. चार आकडे सांगितले की ती काही मीटरवर येते. क्रमही महत्त्वाचा, आधी अक्षांश. जळगावचे आकडे उलटे टाकले तर नकाशा थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बर्फाळ समुद्रात नेतो.

नेटवर्क नसेल तर?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर आहेत. फोन त्यांचे सिग्नल फक्त ऐकतो, त्यामुळे जागा शोधायला इंटरनेट लागतंच असं नाही. वातावरणाच्या वरच्या थरातून, म्हणजे आयनांबरातून येताना सिग्नलला किंचित उशीर होतो आणि जागा काही मीटर सरकते. झाडाखाली किंवा पत्र्याखाली सिग्नल अडतो, म्हणून मोकळ्या जागी उभे राहा आणि अर्धा मिनिट थांबा.

काय कराल?

शेताच्या वाटेच्या तोंडाशी, जिथवर गाडी येते तिथे उभे राहा. नकाशाच्या ॲपमध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, दोन आकडे दिसतील. ते घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ‘शेत’ नावाने सेव्ह करा. १०८ ला फोन केल्यावर ड्रायव्हरचा फोन आला, की साध्या एसएमएसने पाठवा. लाइव्ह लोकेशनला डेटा लागतो, एसएमएसला नाही.

ई-पीक पाहणीसाठी २०२१ पासून आपण शेतात उभं राहून फोटो काढतोय. म्हणजे सरकारी ॲपला आपल्या शेताचे आकडे माहीत आहेत, आपल्यालाच नाहीत. सातबाऱ्यावरचा गट नंबर तलाठ्याला कळतो, रात्री धावत येणाऱ्या ड्रायव्हरला नाही.

शाळेत अक्षांश-रेखांश दोन मार्कांसाठी पाठ करून घेतात. त्यापेक्षा गुरुजींनी मुलांना एकच गृहपाठ द्यावा: आपल्या शेताचे दोन आकडे लिहून आणा. मुलं ते आजोबांच्या फोनमध्येही सेव्ह करतील. पुढच्या वेळी निंब शोधत बसावं लागणार नाही.