दार उघडलं, आत काहीच नव्हतं

गूढविद्या हा शब्द नुसता उच्चारला की घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "सगळं थोतांड!" दुसरा म्हणतो, "अहो, नोबेलवाल्या लेखकांचाही त्यावर विश्वास होता." या दोन्ही पक्षांना मला दोन नाटकं वाचायला द्यावीशी वाटतात.

पहिलं स्वीडनच्या ऑगस्ट स्ट्रिंडबर्गचं. १८८८ साली 'मिस ज्युली'सारखं रोखठोक वास्तववादी नाटक लिहिणारा हा माणूस १८९४ नंतर पॅरिसमध्ये चक्क सोनं तयार करण्याच्या नादी लागला. हात इतके खराब झाले की १८९५ मध्ये इस्पितळात राहावं लागलं. शत्रू भिंतीपलीकडून आपल्यावर विजेचे प्रवाह सोडताहेत, असंही त्याला वाटू लागलं. त्या दिवसांत त्याने अठराव्या शतकातल्या स्वीडनबोर्ग या गूढवाद्याचे ग्रंथ वाचले आणि आपल्या यातनांना काही अर्थ आहे, अशी त्याची समजूत पटली.

त्यानंतर १९०१ साली त्याने 'ड्रीम प्ले' लिहिलं. त्यात इंद्राची मुलगी माणसांचं दुःख पाहायला पृथ्वीवर उतरते. हो, आपलाच इंद्र! स्वप्नात जसं स्थळ-काळाचं भान सुटतं, एकातून दुसरा माणूस निघतो, तसं इथे सगळं घडतं. एक अधिकारी फुलांचा गुच्छ घेऊन प्रेयसीची वाट पाहत उभा असतो. फुलं सुकतात, तो म्हातारा होतो, पण ती काही येत नाही. तिथेच एक बंद दार असतं. त्यामागे विश्वाचं कोडं दडलेलं असणार, असा सगळ्यांचा समज. ते उघडायच्या वेळी विद्यापीठातले चार विद्याशाखांचे प्रमुख कडाकडा भांडतात. (शिक्षकांच्या खोलीत आयुष्य काढलेल्यांना हा प्रवेश फार जवळचा वाटेल!) शेवटी दार उघडतं, तर आत काहीच नाही.

दुसरं नाटक आयर्लंडच्या येट्सचं. हे गृहस्थ १८९० साली लंडनमधल्या 'गोल्डन डॉन' या गुप्त मंडळात दाखल झाले आणि तिथले मंत्र-विधी मनापासून करत राहिले. १९२३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९१६ साली त्यांनी जपानी नोह नाटकाच्या धर्तीवर 'अ‍ॅट द हॉक्स वेल' हे नाटक एका दिवाणखान्यात केलं. मुखवटे, वाद्यं, नृत्य, आणि विहीर म्हणून एक निळं कापड. अमरत्व देणाऱ्या पाण्यासाठी एक म्हातारा पन्नास वर्षं त्या विहिरीशी बसून आहे. पाणी येतं तेव्हा नेमकी त्याला झोप लागलेली असते.

बघा गंमत. दोघांच्याही आयुष्यात गूढविद्येचा केवढा पसारा! पण नाटकात मात्र दारामागे शून्य आणि विहिरीशी कोरडे ओठ.

माझं म्हणणं एवढंच, की माणूस म्हणून त्यांनी ज्यावर विश्वास ठेवला, त्याला नाटककार म्हणून त्यांनी फुकटचा कौल दिला नाही. त्यामुळे नोबेलचा दाखला देऊन कुणी जादूटोणा खरा ठरवायला निघालं, तर त्याला हीच नाटकं दाखवावीत. पण 'थोतांड' म्हणून हात झटकणाऱ्यांनीही जरा थांबावं. स्वप्नासारखी रचना, मुखवटे, रिकामा रंगमंच, न येणाऱ्याची वाट पाहणं हे सगळं पुढच्या नाटकवाल्यांना याच वाटेने मिळालं. अमेरिकेच्या यूजीन ओ'नीलने १९२४ मध्ये स्ट्रिंडबर्गचं ऋण उघडपणे मान्य केलं होतं.

श्रद्धेला उत्तर हवं असतं, नाटकाला प्रश्न पुरतो. ज्या नाटकात बाबा येऊन शेवटच्या अंकात सगळं ठीक करून जातात, ते पडदा पडताच विसरलं जातं. रिकामं निघालेलं दार मात्र मनातून जात नाही.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. मतभेद असले तर आधी कळवा!