पिशवीतला फासा
पिशवीत तीन फासे आहेत: चार, सहा आणि बारा बाजूंचे, प्रत्येकावर १ पासून आकडे. न बघता एक उचलला, फेकला, ३ पडले. फासा कोणता? तिन्ही फाशांची शक्यता आता सारखी राहिली नाही. ३ पडण्याची संभाव्यता अनुक्रमे १/४, १/६, १/१२. म्हणजे प्रमाण ३:२:१. तोच फासा पुन्हा फेकला आणि ५ पडले, की चार बाजूंचा थेट बाद. सहा बाजूंचा असण्याची संभाव्यता ४/५ होते. हा विचार मांडणाऱ्या थॉमस बेझचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला. नव्या माहितीनंतर मत नेमकं किती बदलावं, हे इथे मोजता येतं. मला त्याचं फार मोल वाटतं. शिक्षकांनो, या विचाराचं सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांच्या हाती फासे द्या.