कात्रणाची मुदत

दिवाळी अंकाच्या गडबडीतून मोकळे होताच संपादकांनी फोन केला आणि विचारले, “पुढील वर्षी सदर चालू ठेवायचे ना?” हा प्रश्न ते दरवर्षी उपचार म्हणून विचारतात आणि मीही उपचार म्हणूनच होकार देतो. या वेळी मात्र मी विचार करण्यासाठी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. संपादकांच्या सौजन्यास मर्यादा नसल्या तरी छपाईच्या तारखेस असतात. म्हणून तो विचार वाचकांसमोरच मांडतो.

हे सदर २००४ साली सुरू झाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारने ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणली. व्याज ९ टक्के, ठेवीची कमाल मर्यादा १५ लाख रुपये. पहिला लेख तिच्यावर होता. दुसरा लेख शेअरवरील दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर होता, कारण १ ऑक्टोबर २००४ पासून तो करमुक्त झाला होता. परवा दोन्ही लेख काढून वाचले. भाषा बरी आहे; आकडा मात्र एकही खरा उरलेला नाही. ज्येष्ठांच्या योजनेचा दर आज ८.२ टक्के आणि मर्यादा ३० लाख आहे. भांडवली नफ्यावरचा कर २०१८ मध्ये परत आला, आणि जुलै २०२४ पासून वर्षाला सव्वा लाखाच्या वरील नफ्यावर तो साडेबारा टक्के झाला. दर मार्चमध्ये मी न चुकता लिहीत असलेला ‘कलम ८०सी आणि तुमची बचत’ हा लेखही आता निकालात निघाल्यासारखा आहे. नव्या करप्रणालीत ती वजावटच नाही आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांकही बदलले आहेत.

यात नवल काही नाही. आमच्या पिढीने सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर, म्हणजे पीपीएफवर, १२ टक्के व्याज घेतले आहे. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत तो दर टिकला. त्या दराने रक्कम सहा वर्षांत दुप्पट होई. आजच्या ७.१ टक्क्यांना त्यासाठी दहा वर्षे लागतात. व्याजाचे दर बदलणारच. दराची बातमी हवी असेल तर मासिकाच्या अंकाची वाट पाहण्याची आता कुणाला गरज नाही. नातवाच्या हातातील मोबाईल ती क्षणात सांगतो. त्यामुळे ‘तुमच्या सदराची आता गरज काय?’ असे एखाद्या तरुणाने विचारले तर मला राग येत नाही. माझी अडचण वेगळी आहे. ती बदललेल्या आकड्यांची नाही, न बदललेल्या कात्रणांची आहे.

मिरजेचे एक वृद्ध दांपत्य या सदराचे पहिल्यापासूनचे वाचक. त्यांच्याकडे अकरा बँकांची अकरा पासबुके आहेत. बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका ठेवीदारास एका बँकेमागे एक लाखच रुपये मिळतात, तेव्हा सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नये, असे मी फार पूर्वी लिहिले होते. १९९३ पासूनची ती मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० रोजी पाच लाख झाली. तेही मी लगेच लिहिले, पण टाळेबंदीच्या दिवसांत तो अंक अनेकांच्या घरी पोहोचलाच नाही. काकू आजही दर एप्रिलमध्ये फॉर्म भरण्यासाठी दुखऱ्या गुडघ्यांनी अकरा जिने चढतात. “तुमच्यामुळे आमचा पैसा सुरक्षित आहे हो,” असे त्या मला भेटल्यावर कृतज्ञतेने म्हणतात! (जाता जाता त्यांच्यासाठी आणि इतरांसाठीही सांगतो. पाच लाखांची ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून आहे. ती बँकेमागे आहे, शाखेमागे नाही. आणि पतसंस्थेतील ठेवीस हा विमा मुळीच नाही, मग तिच्या पाटीवर कितीही मोठी अक्षरे असोत.)

हे झाले हसण्यावारी नेण्यासारखे. गेल्या श्रावणात जे घडले ते तसे नव्हते.

सांगलीतील एक भगिनी वेळ ठरवून घरी आल्या. वय पन्नाशीच्या आसपास. वडिलांची हळदीची अडत होती. घरात आणि बाजारात त्यांना सगळे अण्णा म्हणत. २०२२ साली अण्णा गेले. भगिनींनी पिशवीतून प्लास्टिकच्या आवरणात जपलेले एक कात्रण काढून माझ्यासमोर ठेवले.

“काका, हे तुम्हीच लिहिलेलं ना?”

लेख माझाच होता. साल २०१०, मथळा ‘नामनिर्देशन केले, काम झाले’. त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी असा निकाल दिला होता, की डिमॅट खात्यातील शेअरसाठी ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले असेल, तोच खातेदाराच्या पश्चात त्या शेअरचा मालक होतो. कंपनी कायद्यातील कलमात ‘इतर सर्वांना वगळून’ असे शब्द होते आणि निकाल त्या शब्दांवर उभा होता. मी तो उत्साहाने समजावून सांगितला होता. अण्णांनी त्यातील दोन वाक्ये लाल शाईने अधोरेखित केली होती आणि समासात आपल्या मोडी वळणाच्या अक्षरात लिहिले होते, ‘मृत्युपत्राची गरज नाही.’

मृत्युपत्र त्यांनी केले नाही. शेअरचे खाते मोठ्या मुलाच्या नावे नामनिर्देशित होते. घर आणि दुकान यांच्या वाटण्या तिन्ही भावंडांत समजुतीने झाल्या. आई आधीच गेलेल्या. प्रश्न आला तो शेअरचा, आणि अण्णांनी चाळीस वर्षे न विकलेल्या त्या शेअरची किंमत घर-दुकानाहून मोठी निघाली. थोरले बंधू म्हणतात की अण्णांनी विचारपूर्वक माझे नाव लावले आणि हे कात्रण त्याचा पुरावा आहे. धाकटे बंधू आणि या भगिनी म्हणतात की दादा मोठा, कागदपत्रे सांभाळणारा, म्हणून त्याचे नाव लावले. सगळे त्यालाच द्यावे, असे अण्णा कधी बोलले नाहीत. अण्णांच्या मनात खरोखर काय होते? मी ते कात्रण कितीतरी वेळ पाहत राहिलो. समासातील तीन शब्दांवरून दोन्ही अर्थ निघतात.

कायदा मात्र आज स्पष्ट आहे. २०१० चा तो निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्याच खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये चुकीचा ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक किंवा कंपनी ज्याच्या हाती मालमत्ता सोपवून मोकळी होते, तो विश्वस्त. मालकी मृत्युपत्राप्रमाणे, आणि ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे ठरते. आपणांस लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे.

“मग तुम्ही नंतर हे लिहिलं नाहीत?” त्यांनी विचारले. स्वरात राग नव्हता, आणि तेच अधिक लागले.

लिहिले होते. जानेवारी २०१७ च्या अंकात. पण ते दिवस नोटाबंदीचे होते. मी पानभर पाचशे-हजारांच्या नोटांवर लिहिले आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून, चार ओळींत या निकालाचा उल्लेख केला. त्या चार ओळी कुणी कापून ठेवणार? मथळा असलेला लेख कापला जातो. तळटीप रद्दीत जाते. दुरुस्ती छापून आली होती हे खरे, पण ती अण्णांपर्यंत पोहोचली नव्हती, आणि पोहोचली की नाही हे पाहणे माझे काम आहे असे मला तेव्हा वाटलेही नव्हते.

भगिनी निघताना म्हणाल्या, “काका, वकिलांनी सांगितलं ते दादा मानत नाही. वकील आमचा आहे, म्हणतो. पण या सदरात छापून आलं तर मानेल. अण्णांसारखाच आहे तो.”

त्या रात्री मला सेबीच्या २०१३ च्या गुंतवणूक सल्लागारविषयक नियमांची आठवण झाली. शुल्क घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे, असे ते नियम सांगतात. पण वृत्तपत्रात वा नियतकालिकात सर्वांसाठी जे छापले जाते, ते या नियमांच्या दृष्टीने गुंतवणुकीचा सल्लाच नव्हे. हे कलम आम्हा लिहिणाऱ्यांना फार सोयीचे वाटते. नियम म्हणतो की हा सल्ला नाही. अण्णांनी मात्र तो लाल शाईने अधोरेखित केला होता. नियमाच्या आधाराने झोप लागेल असे वाटले होते. लागली नाही.

सदर बंद करावे, हा विचार त्यानंतर आला. तो प्रामाणिक होता, तरी त्यात थोडा पळपुटेपणाही होता, हे आता कबूल करतो. सदर बंद केल्याने जुनी कात्रणे बंद होत नाहीत. उलट, चुकलेले सांगायला जी एक जागा आहे तीही जाते. सदर एखाद्या तरुण सनदी लेखापालाकडे सोपवावे, हा संपादकांचा पर्याय उत्तम आहे आणि लवकरच तो अमलातही येईल. पण माझ्या रोजमेळातील चुकीच्या नोंदी त्याच्या खतावणीत ओढून त्याला गादीवर बसवणे बरे नव्हे. आपल्या पेढ्यांवर जुने दिवाणजी जाताना हिशेब मिळवून देत. पैशाचाही फरक असेल तर रात्रभर बसून शोधत.

तेव्हा संपादकांना माझे उत्तर असे. पुढील वर्ष मी लिहीन, परंतु नवे काही लिहिणार नाही. २००४ पासूनचे लेख पुन्हा वाचून, ज्यांवर विसंबून आज कुणाचे नुकसान होऊ शकते असे लेख निवडीन. व्याजदरांचे जुने लेख यात येणार नाहीत; त्यांचे जुनेपण कुणालाही दिसते. जे जुने झाले आहे हे वाचणाऱ्यास कळतच नाही, असे लेख धोक्याचे. नामनिर्देशन, वाटण्या, जामीनकी, संयुक्त खाती, विमा यांवरचे. दुरुस्ती मथळ्यासह, पानाच्या वरच्या भागात येईल, आणि प्रत्येक लेखाखाली महिना व वर्ष ठळक छापावे अशी मी संपादकांना विनंती केली आहे.

पहिली दुरुस्ती याच अंकात, वर येऊन गेली आहे. ती अपुरी राहू नये म्हणून दोन गोष्टी जोडतो. आयुर्विम्याचे थोडे वेगळे आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, विमाधारकाने आपले आईवडील, पती वा पत्नी किंवा मुले यांपैकी कुणास नॉमिनी केले असेल, तर विम्याच्या रकमेवर त्या नॉमिनीचाच हक्क असतो. आणि बँक खात्यास १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, त्यांचे हिस्सेही लिहिता येतात. यामुळे रक्कम हाती येण्यातील अडचण कमी होईल; पण चारही नॉमिनी झाले तरी नॉमिनीच. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. करणाऱ्याची सही आणि तिच्या साक्षीसाठी दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये.

थोरल्या बंधूंना मी ओळखत नाही. हा अंक त्यांच्या घरी जातो, एवढे ठाऊक आहे. अण्णांनी काय योजले होते ते मी सांगू शकत नाही. त्यांनी ज्या लेखावर विश्वास ठेवला, तो लेख आज खरा नाही, एवढेच लिहिणाऱ्याच्या नात्याने सांगतो.

ते कात्रण मी भगिनींना परत दिले. देण्यापूर्वी आवरणातून काढून, लाल रेघांच्या खाली निळ्या शाईने ‘हा कायदा आता लागू नाही’ असे लिहिले, तारीख घातली आणि सही केली.

वाचकांपैकी ज्यांनी या सदराची कात्रणे जपली असतील, त्यांनी त्यांच्या छायाप्रती कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवाव्यात. समासात काही लिहिले असेल तर ते खोडू नये.